ट्रायलच्या आठवड्यात काय मोजायचं?

मज्जारज्जू उद्दीपनाची (एससीएसची) ट्रायल यशस्वी झाली, असं आपण केसपेपरवर लिहितो तेव्हा नेमकं काय घडलेलं असतं? रुग्णाने सांगितलेला वेदनेचा आकडा आठावरून चारावर आलेला असतो. दुखणं निम्म्यावर आलं की ट्रायल पास, आणि मग पल्स जनरेटर बसवायची तारीख ठरते. जगभर हाच रिवाज आहे आणि आपणही तो उचलला आहे. एससीएसवरून गेल्या काही वर्षांत जे वाद पेटले त्यांचं मूळ मला या रिवाजात दिसतं. म्हणून या महिन्याचं संपादकीय त्यावर.

वादाची ठिणगी पडली २०२२ मध्ये, नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या सेंट ओलाव्स रुग्णालयातला अभ्यास ‘जामा’मध्ये छापून आला तेव्हा. कंबरेच्या शस्त्रक्रियेनंतरही पायात उतरणारी वेदना राहिलेले ५० रुग्ण त्यात होते. सगळ्यांची ट्रायल यशस्वी झालेली, सगळ्यांच्या अंगात यंत्र बसवलेलं. पुढे तीन-तीन महिन्यांचे चार टप्पे केले. दोन टप्प्यांत बर्स्ट उद्दीपन चालू, दोन टप्प्यांत यंत्र अंगात असूनही बंद. कोणत्या टप्प्यात काय चाललंय, हे रुग्णाला माहीत नाही. कंबरदुखीने येणारं अपंगत्व मोजणारा ऑस्वेस्ट्री निर्देशांक सुरुवातीला सरासरी ४४.७ होता. उद्दीपन चालू असताना तो १०.६ ने उतरला, बंद असताना ९.३ ने. फरक १.३ अंकांचा, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने नसल्यातच जमा.

त्यावर आक्षेप आले आणि ते बिनबुडाचे नाहीत. बर्स्टची जी मांडणी वापरली ती रोजच्या वापरातली नव्हती. शिवाय पायाची वेदना दोन अंकांनी उतरली तरी ट्रायल यशस्वी धरली होती, ही चाळणी आपल्या नेहमीच्या पन्नास टक्क्यांपेक्षा सैल. हे सगळं मान्य केलं तरी एक गोष्ट शिल्लक राहते: बंद यंत्र घेऊन वावरणाऱ्या माणसांचा निर्देशांक नऊ अंकांनी सुधारला. वर्षभर नियमित तपासणी, आपल्याकडे लक्ष देणारी टीम, उपचार चालू आहेत हा विश्वास, आणि सगळ्यात वाईट काळात दाखल झालेल्या माणसाला काळाने आपोआप येणारा थोडा उतार, हे सगळं त्या नऊ अंकांत आहे. रुग्णाला वाटलेला आराम खराच असतो. पण तो विजेने आला की इतर कशाने, हे आपल्या पन्नास टक्क्यांच्या चाळणीतून कळत नाही. पुढच्याच वर्षी कॉक्रेनच्या आढाव्याने कंबरदुखीवरचे १३ अभ्यास आणि ६९९ रुग्ण तपासले आणि संशोधनाबाहेर कंबरदुखीसाठी एससीएस वापरायला सध्याचा पुरावा आधार देत नाही, असं स्पष्ट लिहिलं.

हा प्रश्न विचारायला अर्धशतक का लागलं, याचं कारण तंत्रातच आहे. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये वेदनेच्या ‘द्वारा’चा सिद्धांत मांडला: जाड स्पर्शतंतू चेतवले की मज्जारज्जूच्या पश्चशृंगातच बारीक तंतूंकडून येणारा वेदनेचा संदेश अडवला जातो. दोनच वर्षांनी क्लीव्हलंडमध्ये नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या असह्य वेदनेत असलेल्या रुग्णाच्या मज्जारज्जूवर पहिला इलेक्ट्रोड बसवला. तो टॉम मॉर्टिमर या तरुण अभियंत्याने तयार केला होता. तेव्हापासून कित्येक दशकं या उपचाराचा अर्थ होता चाळीस-पन्नास हर्ट्झचं उद्दीपन आणि दुखऱ्या भागावर मुंग्यांचं पांघरूण. मुंग्या आल्या की यंत्र चालू आहे हे रुग्णाला कळायचंच, त्यामुळे खरी प्लासिबो चाचणी होऊच शकत नव्हती. १० किलोहर्ट्झचं आणि बर्स्ट उद्दीपन आल्यावर मुंग्या गेल्या आणि डोळ्यांवर पट्टी बांधणं शक्य झालं. तेव्हा कुठे प्लासिबोचा खरा वाटा दिसू लागला.

पण म्हणून एससीएस निकालात काढायचं का? मला तसं वाटत नाही. कॅनडातल्या रेजायनाचे न्यूरोसर्जन कृष्ण कुमार आणि सहकाऱ्यांचा २००७ चा ‘प्रोसेस’ अभ्यास आठवा. १०० रुग्णांच्या त्या अभ्यासात, पायाच्या वेदनेत निम्मा किंवा त्याहून अधिक आराम सहा महिन्यांनी उद्दीपनाच्या गटातल्या ४८ टक्के रुग्णांना मिळाला, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर ९ टक्क्यांना. २०२१ मध्ये मधुमेही न्यूरोपॅथीवर १० किलोहर्ट्झचा २१६ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात तीन महिन्यांनी ७९ टक्के विरुद्ध ५ टक्के. दोन्हीकडे पट्टी नव्हती, आणि तुलना झाली ती आधीच निकामी ठरलेल्या उपचारांशी, हे विसरू नये. तरी इतका मोठा फरक सगळाच्या सगळा प्लासिबोच्या खात्यावर टाकायला माझं मन धजत नाही. पायात उतरणारी, आग-चमक-मुंग्यांची, चेतातंतूंच्या इजेची वेदना आणि नुसती कंबरेतली ओढ यांना एकाच तराजूत तोलणं हीच आपल्या क्षेत्रातली मोठी गफलत आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ने २००८ मध्ये एससीएसला मान्यता दिली तीसुद्धा चेतासंबंधी जुनाट वेदनेलाच. त्यातही नेहमीचे उपचार करूनही सहा महिने १०० पैकी ५० मिलिमीटर किंवा जास्त वेदना, आणि यशस्वी ट्रायल, या अटी घालून.

मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो मात्र जुना डच अभ्यास. केमलर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये सीआरपीएसच्या (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोमच्या) रुग्णांवर केलेला. ३६ जणांना उद्दीपन आणि फिजिओथेरपी द्यायची ठरली, पैकी ट्रायल पास झालेल्या २४ जणांना यंत्र बसलं. इतर १८ जणांना नुसती फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी उद्दीपनाच्या गटात वेदना सरासरी २.४ सेंटिमीटरने उतरली, दुसऱ्या गटात उलट किंचित वाढली. पण हाताने किंवा पायाने करायच्या कामात सुधारणा झाली नाही. पाच वर्षांनी वेदनेतला फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेनासा झाला. तरीही यंत्र बसलेल्या रुग्णांपैकी ९५ टक्के म्हणाले, एवढाच परिणाम मिळणार असला तरी हा उपचार आम्ही पुन्हा घेऊ.

हे आकडे शेजारी ठेवून बघा. वेदना उतरली, काम वाढलं नाही, पुढे वेदनेतला फरकही विरला, आणि माणूस समाधानी. या माणसांना काहीतरी मिळालं होतं, फक्त आपल्या मोजपट्टीवर त्याची खूण नव्हती. ते झोपेत असेल, कपडा अंगाला लागण्यात असेल, घरात चिडचिड कमी होण्यात असेल. आपण विचारलं नाही तर ते कधीच कळणार नाही. आणि दुसऱ्या बाजूला, आकडा निम्म्यावर आला तरी ज्याच्या दिवसात काही बदललेलं नाही, अशा रुग्णाला आपण यंत्र बसवून मोकळे होऊ.

ब्रिटनमधल्या ‘ट्रायल-स्टिम’ अभ्यासात ट्रायल करून यंत्र बसवलेले आणि ट्रायलशिवाय थेट बसवलेले अशी तुलना झाली. ट्रायलमुळे पुढचे निकाल सुधारले असं दिसलं नाही. त्यावरून काहींनी ट्रायलच नको असा सूर लावला. मी उलट म्हणेन: आठवड्याभरात फक्त एक आकडा विचारणाऱ्या ट्रायलकडून याहून वेगळं काय निघणार? अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२० मध्ये डॉक्टरांना पत्र लिहून ट्रायल केल्याशिवाय यंत्र बसवू नका अशी आठवण करून दिली, ती योग्यच होती. आपल्याकडे तर कित्येक लाखांचा खर्च बहुतेक वेळा घरच्यांनाच उभा करावा लागतो. तिथे ट्रायल टाळणं मला कोणत्याही बाजूने समर्थनीय वाटत नाही.

मग ट्रायल करायची कशी? माझ्या एका रुग्णाचं उदाहरण देतो. साठीच्या, वीस वर्षं मधुमेह, तळपायांची आग. रात्री पाय फरशीला टेकवून झोपायच्या, पायांवर चादर सहन होत नसे. आकडा विचारला तर म्हणाल्या, “आठ लिहा, नऊ लिहा, मला काय कळतंय त्यातलं?” म्हणून वेगळं विचारलं. “मावशी, ही आग निम्मी झाली तर पहिलं काम काय कराल?” त्यांनी क्षणभर विचार केला. “चपला घालून मारुतीपर्यंत जाऊन येईन. आणि पांघरूण घेऊन झोपेन.” केसपेपरवर तीन ओळी लिहिल्या: पायांवर चादर घेऊन झोपणं, रात्री सलग चार तास झोप, चपला घालून देवळापर्यंत जाऊन परत येणं. खाली त्यांची सही आणि मुलाची सही. लीड टाकल्यावर रोज सकाळी फोनवर आधी या तीन गोष्टी विचारल्या, आकडा शेवटी. तिसऱ्या रात्री चादर घेतली. पाचव्या दिवशी देवळापर्यंत जाऊन आल्या. आकडा तेव्हाही त्या ‘सहा’ सांगत होत्या! पन्नास टक्क्यांच्या नियमाने ही ट्रायल नापास होती.

एका रुग्णावरून सिद्धांत उभा राहत नाही, हे मला ठाऊक आहे. पण या ओळी ट्रायलच्या आधी लिहिलेल्या असल्या की दोन्ही बाजूंची फसगत टळते. ट्रायलनंतर विचारलं तर आशेच्या भरात रुग्ण काहीही सांगतो आणि आपणही ते ऐकायला उत्सुक असतो. मुंग्या न येणारं उद्दीपन असेल तर आणखी एक गोष्ट करता येते. रुग्णाची आधी संमती घेऊन आठवड्यातले एक-दोन दिवस यंत्र बंद ठेवायचं, कोणते ते त्याला सांगायचं नाही. उद्दीपनाचा परिणाम बंद केल्यावरही काही तास, कधी त्याहून अधिक रेंगाळतो, म्हणून एका दिवसावरून निकाल देऊ नये. ट्रायल लांबवली तर संसर्गाचा धोका वाढतो, तेव्हा दिवस मोजकेच. तरीही ही नोंद पुढच्या निर्णयात मोलाची ठरते.

यंत्र बसवण्याआधी आणखी एका बाबतीत जास्त वेळ द्यायला हवा, तो म्हणजे रुग्णाचं घर. लीड सरकणं ही या उपचारातली सगळ्यात जास्त दिसणारी गुंतागुंत. कॅमेरॉन यांच्या २००४ च्या आढाव्यात ती १३.२ टक्के होती, लीड तुटणं ९.१ आणि संसर्ग ३.४ टक्के. पहिले सहा-आठ आठवडे वाकू नका, कमरेत वळू नका, हात डोक्यावर नेऊ नका, असं आपण डिस्चार्ज कार्डावर छापतो. पण ज्या घरात स्वयंपाक जमिनीवर, शौचालय उकिडवं बसायचं आणि पाणी हंड्याने भरायचं, तिथे ही सूचना पाळायची कशी? कमोडची खुर्ची, ओट्याच्या उंचीचं टेबल, पाणी भरायला दुसरं माणूस, ही तयारी यंत्राच्या आधी झाली पाहिजे. तीच गोष्ट जनरेटरच्या जागेची. रुग्ण टेबलावर पालथा पडल्यावर जागा ठरवू नका. आदल्या दिवशी त्याला उभं करा, मांडी घालून जमिनीवर बसवा, परकराची नाडी किंवा पायजमा जिथे बांधला जातो ती रेघ पेनने आखून घ्या, आणि जनरेटर त्या रेघेपासून दूर ठेवा. नाडी रोज त्याच कडेवर घासत राहिली तर खिशावरची कातडी दुखते, कालांतराने झिजते. रिचार्जेबल यंत्र देताना घरात वीज किती वेळ असते हे विचारा. चार्जिंगचा पट्टा स्वतःचा स्वतःला बांधता येतो का, हे करून दाखवायला सांगा. मधुमेह्यांची साखर आवाक्यात आल्याशिवाय घाई नको. वर सांगितलेल्या २१६ रुग्णांच्या अभ्यासातही एचबीए१सी १० टक्क्यांच्या वर असलेल्यांना घेतलं नव्हतं.

आणि यंत्र बसल्यानंतर? अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदींवरून २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात दोन वर्षांत जवळपास १८ टक्के रुग्णांना उपकरणाशी संबंधित गुंतागुंत झाली होती आणि २२ टक्क्यांची यंत्रं दुरुस्त करावी किंवा काढावी लागली होती. आपल्याकडे असा आकडा काढायचा तर नोंदी हव्यात. भारताचा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगाकडून चालतो. उपकरणाने झालेली इजा तिथे कळवता येते, डॉक्टरने स्वतः कळवता येते. लीड सरकली, जनरेटर काढावा लागला, तर तो फॉर्म भरणं हा ऑपरेशन नोटचाच भाग मानला पाहिजे. प्रोग्रामिंगचंही तसंच. कंपनीचा प्रतिनिधी येऊन टॅबलेटवर सेटिंग बदलून जातो आणि केसपेपरवर त्याची ओळही नसते, हे थांबायला हवं. कोणते संपर्कबिंदू, किती अॅम्प्लिट्यूड, किती फ्रिक्वेन्सी, हे आपल्या हस्ताक्षरात असेल तरच तो प्रतिनिधी दुसऱ्या कंपनीत गेल्यावर रुग्ण उघड्यावर पडणार नाही. पुढे एमआरआय लागला तर यंत्राचं मॉडेल आणि लीडची जागा रुग्णाच्या खिशातल्या कार्डावर मराठीतही लिहिलेली असावी. रात्री अपरात्री तालुक्याच्या दवाखान्यात तेच कार्ड वाचलं जाणार आहे.

पुढच्या अंकापासून एक पानी तक्ता छापत आहोत. ट्रायलपूर्वी रुग्णाने ठरवलेली तीन कामं, रोजची नोंद, यंत्र बंद ठेवलेले दिवस, आणि सहा महिने, एक वर्ष, तीन वर्षं यांच्या नोंदींसाठी रकाने त्यात असतील. यंत्र काढावं लागलं तर त्यासाठीही रकाना आहे. नाव-पत्ता न टाकता भरलेले तक्ते आमच्याकडे पाठवा. काढलेल्या यंत्रांचे तक्ते आधी पाठवा.