दोहनाचे माप

चारधाम यात्रेला निघालेला मराठी भाविक हरिद्वारला उतरतो, हर की पौडीवर स्नान करतो आणि गंगाजल भरून घेतो. ज्या पात्राला तो श्रद्धेने हात जोडतो, त्याच पात्रातील दगडगोट्यांसाठी दोन तपस्व्यांनी प्राण वेचले, हे त्याला क्वचितच कुणी सांगितलेले असते. आपल्या विचारविश्वात ‘निसर्गाचे शोषण नव्हे, दोहन’ हे सूत्र वारंवार उच्चारले जाते. त्या सूत्राची खरी परीक्षा व्यासपीठावर होत नाही, ती खाणीच्या तोंडाशी होते.

हरिद्वार हे गंगेने पर्वत सोडून मैदानात पाऊल टाकण्याचे स्थान. येथे उतार कमी होतो, प्रवाहाचा वेग मंदावतो आणि त्याने आणलेले धोंडे, गोटे व भरड रेती खाली बसते. हिमालयाच्या पायथ्याशी अशा गाळाचा जो पट्टा तयार झाला आहे, त्याला ‘भाबर’ म्हणतात. गोट्यांमधील पोकळ्यांतून पाणी खोल मुरते आणि पुढे तराईत पुन्हा वर येते. दर पावसाळ्यात नदी नवी भर घालते. ती भर मोजून, तेवढ्याच मर्यादेत उचलली तर नदी ती सोसू शकते. त्याहून अधिक उपसा झाला की पात्र खोल जाते, काठ ढासळतात, पुलांचे पाये उघडे पडतात आणि आसपासच्या विहिरी आटतात. गाय दूध देते म्हणून वासराचा वाटाही काढून घ्यायचा नसतो, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. ठेकेदाराला मात्र शिकवावे लागते.

चुनखडकाची गोष्ट निराळी आहे. डेहराडूनच्या उत्तरेला असलेल्या मसुरीच्या रांगेतील चुनखडक सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचला आणि हिमालय घडताना वर उचलला गेला. पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी त्याच्या भेगा विरघळवून रुंद करते, त्यांत पाणी साठते आणि झऱ्यांच्या रूपाने पाझरत राहते. असा डोंगर म्हणजे दगडाचा हंडाच. पोलाद, साखर व सिमेंटच्या उद्योगांना चुनखडक हवा, हे खरेच. परंतु येथे दरवर्षीची भर नाही. सुरुंगाने उडवलेला डोंगर परत येत नाही. म्हणून चुनखडकाच्या बाबतीत प्रश्न ‘किती काढावा’ एवढाच नसून ‘कोठून काढूच नये’ हा आहे.

दून खोऱ्यात हा प्रश्न ऐरणीवर आला, तो उतारावरून नाल्यांत लोटलेले डबर, सुकणारे झरे आणि दरडी यांमुळे. १९८३ मध्ये एका स्वयंसेवी संस्थेने पाठविलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले. पर्यावरणाच्या समतोलाविषयीचा या प्रकारचा हा देशातील पहिलाच खटला असल्याचे न्यायालयाने नमूद केले. मार्च १९८५ मध्ये अनेक खाणी बंद करण्याचा आदेश निघाला, ऑगस्ट १९८८ मध्ये अंतिम निर्णय झाला. खाणींनी सोललेल्या मसुरीच्या उतारांवर पुन्हा झाडे लावली ती १९८२ मध्ये उभ्या राहिलेल्या, माजी सैनिकांच्या प्रादेशिक सेनेतील पर्यावरण पलटणीने. सीमेवर मातृभूमीचे रक्षण केलेल्या हातांनी तिच्या जखमाही बांधल्या. राष्ट्रसेवेचे याहून मूर्त उदाहरण कोणते?

गंगेच्या पात्राला मात्र असे भाग्य लाभले नाही. कनखलच्या मातृसदन आश्रमातील स्वामी निगमानंद पात्रातील उत्खनन थांबावे म्हणून उपोषणास बसले आणि १३ जून २०११ रोजी त्यांनी देह ठेवला. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी स्वामी सानंद, म्हणजेच पूर्वाश्रमीचे प्रा. जी. डी. अग्रवाल, १११ दिवसांच्या उपोषणानंतर निवर्तले. गंगेवरील धरणांबरोबरच पात्रातील उत्खनन रोखावे, हीही त्यांची मागणी होती. या दोन्ही वेळी उत्तराखंडात सत्ता कोणत्या पक्षाची होती, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. विरोधकांच्या राजवटीत असे घडले असते तर आम्ही या स्तंभात काय लिहिले असते, हे आठवून आज तेच लिहिणे आमचे कर्तव्य आहे. गंगेची आरती करणाऱ्यांकडून गंगेची अपेक्षा इतरांहून अधिकच असणार.

नियमांचा तुटवडा नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी पात्रातील उत्खननाला तीन मीटर खोलीची किंवा पाण्याच्या पातळीची, यांपैकी जी कमी असेल ती मर्यादा घातली. २०२० च्या सूचनांनी पावसाळ्यापूर्वी व नंतर पात्राची मोजणी सांगितली. उणीव आहे ती प्रामाणिक मोजमापाची. ही मोजणी ठेकेदाराच्या पैशाने व मर्जीने होऊ नये. तिचे आकडे गावाच्या चावडीवर लागावेत आणि भर आली नाही त्या वर्षी उपसाही होऊ नये. झरे पोसणारे चुनखडकाचे डोंगर तर खाणींच्या यादीतूनच वगळावेत.

रस्ते हवेत, घरे हवीत, त्यासाठी खडी आणि सिमेंटही हवे. विकासाला आमचा विरोध नाही. पण माप न घेता केलेल्या दोहनाला शोषण म्हणतात. सकाळी जमिनीवर पाय टेकवण्यापूर्वी भूमातेची क्षमा मागणाऱ्या समाजाला एवढा फरक कळायला आणखी कुणा संन्याशाचा बळी लागू नये.