वाळवंटातले नंदनवन कोणाचे?

लास व्हेगास हे वास्तव्यास योग्य शहर आहे की नाही, हा प्रश्न अमेरिकेत वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर देण्याची मक्तेदारी बहुतांशी घरविक्रीच्या दलालांकडे गेलेली आहे. नेवाडा राज्यात व्यक्तिगत उत्पन्नावर कर नाही, वर्षातील बहुतेक दिवस आकाश निरभ्र असते, शेजारच्या कॅलिफोर्नियापेक्षा घरे स्वस्त आहेत आणि करमणुकीला तोटा नाही, असा त्यांचा ठरलेला पाठ आहे. दुसऱ्या बाजूस नीतिवादी मंडळी जुगार, मद्य आणि वेश्याव्यवसाय यांच्या नावाने बोटे मोडून शहर निकालात काढतात. (हे शहर ज्या क्लार्क परगण्यात आहे, तेथे वेश्याव्यवसाय कायद्याने निषिद्ध आहे, याची वार्ता या मंडळींना बहुधा नसते.) २०२० च्या जनगणनेनुसार या परगण्यात साडेबावीस लाखांहून अधिक माणसे राहतात. ती पर्यटकांच्या चादरी बदलतात, ताटे उचलतात, पत्ते वाटतात, रात्रपाळी संपवून सकाळी मुलांना शाळेत सोडतात. शहर चांगले की वाईट हे ठरवताना त्यांची साक्ष काढण्याची गरज मात्र दोन्ही पक्षांपैकी कोणालाच वाटत नाही.

दलालांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. लॉस एंजेलिसमध्ये आयुष्यभर भाडे भरूनही ज्या परिचारिकेला वा वाहनचालकाला घर घेता आले नाही, त्याला तीनशे मैलांच्या आत वाळवंटात दोन खोल्या आणि चतकोर अंगण मिळत असेल, तर तो येणारच. प्रश्न असा की, या स्वस्ताईची किंमत कोठे आणि कोणाच्या खात्यावर मांडली जाते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९५० सालापर्यंत मागे जावे लागते. शहराच्या दक्षिण सीमेबाहेर लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर मोठमोठी जुगारगृहे उभी राहू लागली होती. शहराच्या तिजोरीला पैशाची निकड होती, म्हणून महापौरांनी हा पट्टा शहराच्या हद्दीत घेण्याचा विचार मांडला. हद्दीत येणे म्हणजे शहराचे कर भरणे. जुगारगृहांच्या मालकांनी परगण्याच्या कारभाऱ्यांकडे धाव घेतली आणि त्याच वर्षअखेर तो टापू स्वतंत्र, परंतु नगरपालिका नसलेली वस्ती म्हणून घोषित करवून घेतला. अशा वस्तीला परगण्याच्या संमतीविना शहरात विलीन करता येत नाही. वस्तीचे नाव ठेवण्यात आले पॅरडाइज, म्हणजे नंदनवन! आज ज्याला सारे जग लास व्हेगास म्हणून ओळखते, तो झगमगता रस्ता, विमानतळ, लास व्हेगासचे नाव मिरवणारे विद्यापीठ आणि प्रवाशांचे स्वागत करणारी ती सुप्रसिद्ध पाटी, हे सारे कायद्याच्या दृष्टीने लास व्हेगास शहरात नाहीच. शहराचे नाव विकून पैसा मिळवावयाचा आणि शहराच्या करापासून चार पावले दूर उभे राहावयाचे, ही किमया भांडवलाने तेथे सत्तर वर्षांहून अधिक काळ निर्वेधपणे चालविली आहे.

करांची उर्वरित रचनाही याच धाटणीची आहे. जुगारातून मालकाकडे राहणाऱ्या रकमेवर नेवाडा राज्य जास्तीत जास्त ६.७५ टक्के कर घेते. पेनसिल्व्हेनिया राज्य यंत्रांवरील जुगारातून अशाच रकमेवर निम्म्याहून अधिक वाटा घेते, आणि तेथील जुगारगृहे त्यामुळे बंद पडलेली नाहीत. मग सरकार चालते कशावर? मुख्यतः विक्रीकरावर. क्लार्क परगण्यात तो ८.३७५ टक्के आहे. घरी शिजविण्याच्या अन्नपदार्थांना त्यातून सूट आहे हे खरे. परंतु मुलांचे बूट, जुनी मोटार, भांडीकुंडी यांवर झाडूवाली आणि जुगारगृहाचा भागधारक एकाच दराने कर भरतात. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते की, मिळकतीच्या प्रमाणात पाहिले तर हा भार गरिबावर अधिक पडतो. उत्पन्नकर नसल्याचा आनंद ज्याचे उत्पन्न मोठे त्यालाच मोठा.

आणि ज्या सेवांसाठी कर असतात, त्यांचे काय? क्लार्क परगण्याचा शालेय विभाग विद्यार्थिसंख्येने देशातील सर्वांत मोठ्या विभागांपैकी एक आहे. वर्गात मुले कोंबण्याच्या बाबतीत नेवाडा राज्य देशात आघाडीवर राहिले आहे. येथील विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली ती २०१७ साली. डॉक्टरांच्या तुटवड्याची तक्रार प्रत्येक रहिवाशाच्या तोंडी असते. परंतु २०१६ साली व्यावसायिक फुटबॉल संघासाठी क्रीडागार बांधावयाचे ठरताच राज्य विधिमंडळाचे खास अधिवेशन भरले आणि ७५ कोटी डॉलर सार्वजनिक पैसा मंजूर झाला. २०२३ साली बेसबॉलच्या क्रीडागारासाठी आणखी ३८ कोटी डॉलरपर्यंतची तरतूद झाली. फुटबॉलचा पैसा हॉटेलांतील खोल्यांवरील करातून, म्हणजे पाहुण्यांच्या खिशातून येतो, असे समर्थन केले जाते. हे समर्थन लंगडे आहे. पाहुण्यावर बसविलेला कर हाही लोकांचाच पैसा. तो शाळेकडे न जाता क्रीडागाराकडे जावा, हा कोणीतरी केलेला निर्णय आहे.

पाण्याविषयी मात्र या शहरावर जो आरोप केला जातो, तो बराचसा अन्यायाचा आहे. वाळवंटात कारंजी नाचवणारे उधळे शहर, अशी प्रतिमा रूढ झाली आहे. वस्तुस्थिती अशी की, कोलोरॅडो नदीच्या खालच्या खोऱ्यातील वाटपात कॅलिफोर्नियाला ४४ लाख एकर-फूट, ॲरिझोनाला २८ लाख आणि नेवाडाला केवळ ३ लाख एकर-फूट पाणी येते. घराघरांतील मोऱ्यांतून वाहून जाणारे जवळजवळ सर्व पाणी शुद्ध करून पुन्हा मीड सरोवरात सोडले जाते. २०२१ साली कायदा करून रस्त्याकडेच्या व कार्यालयांपुढील केवळ शोभेच्या हिरवळीला २०२६ अखेरपासून नदीचे पाणी बंद करण्याचे ठरले. लोकसंख्या वाढत असताना नदीवरची उचल कमी करून दाखविणारी शहरे जगात फार नाहीत. सार्वजनिक यंत्रणेने मनावर घेतले तर वाळवंटातही काय होऊ शकते, याचा हा पुरावा होय. आणि म्हणूनच शाळा व दवाखाने यांच्या बाबतीत तीच यंत्रणा हात वर करते तेव्हा ते अधिक खटकते.

उन्हाची गोष्ट वेगळी. ७ जुलै २०२४ रोजी तेथे १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ४९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. शहराच्या इतिहासातील हा उच्चांक होता. त्या वर्षी परगण्यात उष्णतेशी संबंधित मृत्यूंची संख्या पाचशेच्या वर गेली. जुगारगृहात बसलेल्या पाहुण्याला या उन्हाची झळ लागत नाही. ती लागते उघड्यावर राहणाऱ्याला, वातानुकूलन यंत्र बिघडलेल्या खोलीतील वृद्धाला आणि छपरावर वा रस्त्यावर काम करणाऱ्या मजुराला. उन्हात काम करणाऱ्यांच्या संरक्षणाचा नियम राज्याने संमत केला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये.

एवढे वाचून हे शहर राहण्यास नालायक आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही चुकेल. हजारो कष्टकरी कुटुंबांनी तेथे स्वतःची घरे केली, मुले शिकविली, आजारपणात देशोधडीला न लागता उपचार घेतले. हे कसे घडले याची कथा पर्यटनाच्या माहितीपत्रकात सापडत नाही.

कृष्णवर्णीयांना या शहराने रेल्वेमार्गापलीकडच्या वेस्टसाइड या वस्तीत कोंडून ठेवले होते. सॅमी डेव्हिस ज्युनियरसारखे कलावंत मोठ्या हॉटेलांच्या रंगमंचावर गात, परंतु त्याच हॉटेलात त्यांना झोपावयास खोली मिळत नसे. मार्च १९६० मध्ये निदर्शनांचा इशारा मिळाला, गिऱ्हाइके बिथरतील अशी धास्ती पडली, तेव्हा कोठे मालकांनी दारे उघडण्याचे मान्य केले. पुढे १९७१ च्या आरंभी राज्याने गरीब मातांचे साहाय्य मोठ्या प्रमाणावर तोडले. लुइझियानाच्या कापसाच्या शेतांतून आलेल्या आणि हॉटेलात राबलेल्या रूबी डंकन यांनी त्या मातांना संघटित केले आणि ६ मार्च १९७१ रोजी मोर्चा थेट सीझर्स पॅलेस या जुगारगृहात नेला. खेळ थांबला. दोनच आठवड्यांत संघराज्याच्या न्यायाधीशाने तोडलेले साहाय्य पूर्ववत करण्याचा आदेश दिला. जुगारगृहातील एका तासाची मिळकत बुडणे म्हणजे काय, हे या स्त्रियांनी राज्यकर्त्यांहून अधिक अचूक ओळखले होते.

याच जाणिवेवर कलिनरी वर्कर्स युनियन, लोकल २२६, ही हॉटेल कामगारांची संघटना उभी आहे. ती १९३५ सालची. आज तिचे सुमारे साठ हजार सभासद आहेत. त्यांत स्त्रिया बहुसंख्य आणि देशोदेशींहून आलेले स्थलांतरित फार मोठ्या संख्येने आहेत. नेवाडात १९५० च्या दशकापासून असा कायदा आहे की, संघटनेची वर्गणी कोणाही कामगारावर सक्तीची करता येत नाही. त्याला नाव दिले आहे ‘काम करण्याचा हक्क’. मालकवर्गाची भाषेवरील हुकमत वाखाणण्यासारखी आहे. अशा राज्यात, १९८४ च्या दीर्घ संपात जबर फटका खाल्लेल्या या संघटनेने पुन्हा उभारी धरली. १९९० साली हॅटी कँटी या तिच्या अध्यक्ष झाल्या. हॉटेलातील खोल्या साफ करणारी ही विधवा दहा मुलांची आई होती. २१ सप्टेंबर १९९१ रोजी फ्राँटियर या हॉटेलातील साडेपाचशे कामगार संपावर गेले. सहा वर्षे आणि चार महिन्यांहून अधिक काळ, रात्रंदिवस, ऐन उन्हाळ्यातही, हॉटेलच्या दारावरचा त्यांचा पहारा हटला नाही आणि त्यांच्यातील एकही जण फुटून कामावर गेला नाही. अखेर मालकाला हॉटेल विकावे लागले. नव्या मालकाने करार केला आणि १९९८ च्या आरंभी कामगार परत आले.

त्या शहरातील खोल्या साफ करणाऱ्या बाईला आज जे निवृत्तिवेतन आणि कुटुंबासह वैद्यकीय संरक्षण मिळते, त्याचा उगम अशा संपांत आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात संपाची तारीख जाहीर झाल्यावर तीन मोठ्या कंपन्यांनी पाच वर्षांत सुमारे ३२ टक्के वाढीचा करार केला. तो करण्याइतका पैसा त्यांच्याकडे त्याआधीही होताच.

परंतु एकाच धंद्यावर विसंबलेल्या शहराला संघटना तरी किती सावरणार? २००८ च्या मंदीत तेथील घरांच्या किमती निम्म्याहून अधिक कोसळल्या आणि दलालांच्या शब्दावर कर्ज काढणारे बेघर झाले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे जुगारगृहे बंद झाली. एप्रिलमध्ये राज्यातील बेरोजगारी ३० टक्क्यांच्या घरात गेली. त्याच सुमारास रुग्ण आढळल्यामुळे एक निवारा बंद करावा लागला, तेव्हा तेथील बेघरांना कॅशमन सेंटरच्या वाहनतळावर, जमिनीवर रंगाने आखलेल्या चौकोनांत झोपविण्यात आले. शहरातील हॉटेलांच्या लाखाहून अधिक खोल्या त्या रात्री रिकाम्या होत्या. रस्त्यावर झोपणे हा गुन्हा ठरविणारा नियम याच शहराने चार महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०१९ मध्ये केला होता.

महाराष्ट्राला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. येथील विधिमंडळाने १९७६ साली कॅसिनोंना वाट करून देणारा कायदा संमत केला होता; तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. गोव्यात मांडवीच्या पात्रात तरंगते कॅसिनो उभेच आहेत. जुगाराची तरफदारी करणारे नेहमी महसूल आणि रोजगार हे दोन शब्द उच्चारतात. महसूल किती टक्के आणि तो कोणत्या हद्दीत जमा होणार? रोजगार संघटित की कंत्राटी? लास व्हेगासचा अनुभव पाहता, हे प्रश्न परवाना देण्यापूर्वीच विचारावे लागतात. मागाहून उत्तर मिळविण्यास साडेसहा वर्षांचा संपही लागू शकतो.

लास व्हेगासमध्ये संघटनेने मिळविलेली पगारवाढ आता घरमालकाच्या दाराशी जाऊन अडते. अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडणाऱ्या घरांचा तुटवडा ज्या राज्यांत सर्वांत भीषण आहे, त्यांत नेवाडाची गणना होते. भाडे थकल्याची नोटीस मालकाने दिली की प्रथम न्यायालयात धाव घेण्याची जबाबदारी तेथे भाडेकरूवर येते. मुदतीत त्याने उत्तर दाखल केले नाही तर सुनावणीविनाच त्याला बाहेर काढण्याचा आदेश निघू शकतो. ही रीत बदलणारी विधेयके विधिमंडळाने २०२३ साली आणि पुन्हा २०२५ साली संमत केली. दोन्ही वेळा राज्यपालांनी नकाराधिकार वापरून ती परत पाठविली. नेवाडाचे विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच भरते. भाडे मात्र दरमहा पहिल्या तारखेला भरावे लागते.