किडनी बदलायला योजना आहे, पण नंतरच्या गोळ्यांचं काय?

किडनी बदलली की सुटलो, असा समज जळगाव-धुळ्यातल्या डायलिसिसवर असलेल्या बहुतेक घरांत आहे. तो अर्धाच खरा आहे. ऑपरेशन चार तासांचं. त्यानंतरची राखण मात्र जन्मभराची, आणि ती करायची असते चोपडा, पारोळा, साक्री, शिरपूर अशा ठिकाणी, डॉक्टरपासून दोनशे-चारशे किलोमीटर लांब. ऑपरेशनच्या पैशांची जुळवाजुळव सगळे करतात, या राखणीचा हिशोब कोणी करत नाही.

आधी चांगली बाजू बघू. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास मशीनवर. पाणी मोजून प्यायचं, तेही मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या आसपास असताना. केळीत पोटॅशियम जास्त, म्हणून रावेर-यावलच्या शेतकऱ्याला स्वतःच्याच बागेतलं केळं वर्ज्य. नवीन किडनी नीट चालली की हे उलटं होतं. लघवी सुटते, भूक लागते, रक्त वाढतं, डॉक्टरच भरपूर पाणी प्या म्हणतात. केळीसुद्धा रिपोर्ट बघून बहुतेकांना परत खाता येते. काही महिन्यांत माणूस कामाला लागतो.

ऑपरेशनबद्दल गैरसमज फार. जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत, त्या जागेवरच राहतात. नवीन किडनी ओटीपोटात, बहुतेक वेळा उजव्या बाजूला बसवतात. जिवंत माणसाने दिलेली किडनी बऱ्याचदा टेबलावरच लघवी तयार करू लागते. मेंदूमृत दात्याची असेल तर काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही डायलिसिस चालू ठेवावं लागतं. ऑपरेशन फसलं म्हणून नातेवाईक तिथे रडत बसतात, पण तसं नसतं. जिवंत दात्याची किडनी सरासरी 15 ते 20 वर्षं चालते, मेंदूमृत दात्याची 10 ते 15. हे सरासरी आकडे आहेत. कोणाची जास्त टिकते, कोणाची लवकर जाते.

आता गोळ्या. शरीर या किडनीला परकंच समजतं आणि तिच्यावर हल्ला करायला बघतं. तो थोपवायला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड, अशी तीन औषधं बहुतेकांना असतात. टॅक्रोलिमस सहसा बारा तासांच्या अंतराने, म्हणजे सकाळी आठला घेतली तर रात्री आठलाच. खरी गोम अशी की गोळी चुकली तरी काही दुखत नाही. माणसाला वाटतं, बरं चाललंय, दोन दिवस नाही घेतली तर काय बिघडतं! बिघाड आतून होत राहतो, आणि क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं नुकसान झालेलं असतं. ब्रँड बदलायचा तरी डॉक्टरला विचारूनच. मेडिकलवाला स्वस्तातला देतोय म्हणून नाही.

या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते. लघवीचा संसर्ग, टीबी, न्यूमोनिया यांची भीती पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त. काहींना साखर नव्याने सुरू होते. ताप आला तर वाट बघत बसायचं नाही. अंग दुखतंय म्हणून गावातल्या डॉक्टरकडून वेदनाशामक सुई टोचून घ्यायची नाही, ती थेट किडनीवर जाते. गुळवेलाचा काढा ताकदीसाठी म्हणून कोणीतरी देणारच. तो नको, कारण आपण दाबून ठेवलेली शक्ती तो चाळवू शकतो. पपनसही नको, त्याने औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

पैशांचं बोलू. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 ला पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. तीच आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना. किडनी प्रत्यारोपणासाठी त्यात आधी अडीच लाखांची मर्यादा होती, 2023 च्या निर्णयाने ती साडेचार लाख झाली. हे चांगलंच झालं. पण गोळ्या आणि तपासण्यांचा दरमहा काही हजारांचा खर्च घरावर येतो, तोही कापसाला भाव असो-नसो. म्हणून दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राला विचारा: ऑपरेशननंतरची औषधं योजनेत मिळतात का, किती महिने, आणि पुढे काय? उत्तर लेखी घ्या. नडियाद, अहमदाबादची मोठी किडनी रुग्णालयं धुळ्याकडून सुरतमार्गे सोयीची पडतात, पण आपल्या राज्याची योजना तिथे चालेल असं धरून चालू नका. रेल्वेत मात्र डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला स्लीपर व थर्ड एसीत 75 टक्के सवलत आहे. डॉक्टरचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो.

दाता कोण होऊ शकतो? कायद्याने आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं, नवरा-बायको, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदल करता येते. घरात विषय निघाला की नजर आधी आई आणि बायकोकडेच जाते. देणाऱ्यांत बाया जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे देशभराचं चित्र आहे. बाईने खरंच मनाने हो म्हटलंय का, हे डॉक्टरांनी तिला एकटीला विचारायला हवं. एजंटाच्या नादी तर लागूच नका. 2022 मध्ये पुण्यात कोल्हापूरकडच्या एका महिलेला 15 लाखांचं आमिष दाखवून रुग्णाची बायको म्हणून उभं केल्याचं प्रकरण पोलिसांत गेलं. अशा सौद्याला पाच ते दहा वर्षं शिक्षा आणि 20 लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे.

घरात दाता नसेल तर मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव लावायचं. त्यासाठी रहिवासाची आणि 65 वर्षांची अट काढायला केंद्राने फेब्रुवारी 2023 मध्ये राज्यांना सांगितलं. यादी लांब असते, कित्येक वर्षंही जातात, म्हणून डायलिसिस सुरू झाल्याबरोबर नाव लावलेलं बरं.

सरकारकडे मागायचं ते फार मोठं नाही. प्रत्येक जिल्ह्यात प्रत्यारोपण केंद्र हवं असं कोणी म्हणत नाही. धुळ्याला 1989 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जळगावला 2018 पासून. तिथे आठवड्यातून एक दिवस प्रत्यारोपण झालेल्यांची ओपीडी, टॅक्रोलिमसच्या पातळीसाठी रक्त घेऊन पुढे पाठवण्याची सोय आणि योजनेतून जन्मभर गोळ्या, एवढं झालं तरी मुंबईच्या निम्म्या खेपा वाचतील. आमदार-खासदार गावात आले की रस्ता आणि सभामंडप मागतोच आपण, त्या कागदावर हीही एक ओळ लिहून द्यावी.