समुद्रकाकडी

बिरसीच्या धावपट्टीवरून विमान उठलें, कीं खालीं गोंदिया जिल्ह्यांतील तलावांमागून तलाव दिसूं लागतात. त्यांत मासे, झिंगे, शिंपले सारें मिळेल; परंतु ज्या प्राण्याविषयीं आम्ही आज लिहीत आहों, तो मात्र कितीही जाळीं टाकलीं तरी मिळावयाचा नाहीं. समुद्रकाकडी आणि तिचे तारामासे वगैरे आप्त यांच्या संघास प्राणिशास्त्रांत कंटकचर्मी म्हणतात, व ह्या संघाची एकही जाति गोड्या पाण्यांत राहत नाहीं. मासे आपल्या अंगांतील क्षारांचें प्रमाण राखूं शकतात. कंटकचर्मींना तें साधत नाहीं. त्यांच्या शरीरांतील नळ्यांतून जवळजवळ समुद्राचेंच पाणी खेळत असतें, आणि त्याच्याच दाबानें त्यांचे नलिकापाद हालतात. गोडें पाणी आंत शिरूं लागलें कीं कारभार आटोपला.

नांवावरून हिला कोणीं वनस्पति समजूं नये. काकडीशीं साम्य आहे तें आकारापुरतें. मेंदू नाहीं, डोळे नाहींत. तोंड एका टोकास, आणि श्वासासाठीं लागणारें पाणी ती आंत घेते तें (सोवळ्यांतील मंडळींनीं क्षमा करावी) दुसऱ्या टोकाच्या द्वारानें. शत्रूनें गांठलें तर कांहीं जाति आपलीं आंतडींच बाहेर टाकतात. तीं पुढें पुन्हा येतात. पुष्कळ जाति वाळू गिळून तींतील कुजके कण पचवितात व वाळू मागें टाकतात. धानाच्या बांधींत गांडूळ जें काम करतें, तेंच हें. परंतु वंशवृक्षांत ती गांडुळापेक्षां आपणांस जवळची आहे: गर्भांत प्रथम होणाऱ्या छिद्राचें पुढें तोंड न होतां गुदद्वार होतें, हा तिचा व आपला समान धर्म.

उकडून वाळविलेली समुद्रकाकडी चिनी लोक पक्वान्न व औषध मानतात. मन्नारच्या आखातांतून हा माल कित्येक शतकें तिकडे जात असे. उपसा फार झाला, तेव्हां २००१ सालीं सरकारनें सर्वच समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, बसविल्या. वाघ राखतांना जंगलावर जगणाऱ्यांची जी अडचण होते, ती गोंदियाकरांच्या परिचयाची आहे. येथें बुडी मारून पोट भरणाऱ्या कोळ्यांचा धंदा एकाएकीं गुन्हा ठरला. आणि पलीकडे श्रीलंकेंत तोच धंदा परवान्यानें चालत असल्यामुळें चोरट्या मालाला वाट सांपडली.

उपशाला आळा घालणें अवश्यच होतें, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण तुतिकोरीन येथें केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं १९८८ सालींच वाळूंत राहणाऱ्या मौल्यवान जातीचीं पिलें हौदांत तयार केलीं होतीं. ही विद्या हातीं असतां ती कोळ्यांच्या हातीं आधीं द्यावयाची, व मग बंदी घालावयाची, हा क्रम आम्हांस अधिक न्याय्य वाटतो. लक्षद्वीपांत २०२० सालीं चेरियापाणी प्रवाळभित्तीचा २३९ चौरस किलोमीटरांचा टापू समुद्रकाकडीसाठीं राखून ठेवण्यांत आला आहे. तेथेंही चोरट्यांवर पहारा ठेवावा लागतोच.