तारुण्याचा बाजार आणि आपली लेखणी

तारुण्याची लालसा ययातीइतकीच जुनी आहे. फरक इतकाच, की ययातीने ते पुत्राकडे मागितले. आज ते चकचकीत डब्यांतून विकत मिळते. महानगरांतील हे लोण आता पांढुर्णा-सौंसरपर्यंत येऊन पोहोचले आहे. "डॉक्टरसाहेब, सलाईनमधून व्हिटॅमिन सी लावून द्या," अशी मागणी संत्र्यांच्या या मुलुखात व्हावी, यापरता विनोद कोणता?

मी बालरोगतज्ज्ञ. वार्धक्याशी माझा संबंध नातवंडांना घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांपुरता. मध्यंतरी अशाच एका आजोबांनी सहज सांगितले, की 'वय थांबवणारी' पावडर सुरू केल्यापासून रक्तदाबाची गोळी त्यांनी सोडून दिली आहे. रक्तदाब मोजला, तो १९० वर ११० निघाला. नातवाला साधी सर्दी होती. आजोबांना मात्र त्याच दिवशी फिजिशियन मित्राकडे पाठवावे लागले. त्या पावडरीवर महिन्याला होणाऱ्या खर्चात घरातील तिन्ही मुलांचे दूध, अंडी आणि फळे सहज आली असती. ययातीची कथा येथे नव्याने घडत होती.

या मोहातून थोर वैज्ञानिकही सुटले नाहीत. १८८९ मध्ये ७२ वर्षांच्या ब्राऊन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला आणि गेलेली शक्ती परतल्याचे पॅरिसच्या विद्वत्सभेत जाहीर केले. त्या पाणीदार अर्कात परिणाम होण्याइतके संप्रेरक नसतेच, हे पुढे उमगले. १८९४ मध्ये त्यांचे निधन झाले. अनुभव प्रामाणिक असूनही निष्कर्ष चुकीचा असू शकतो, हाच त्यातील धडा.

'अँटिऑक्सिडंट'चेही तसेच. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. आपल्याकडे खर्रा सुटत नाही, पण गोळ्या मात्र नेमाने सुरू असतात!

"फायदा नसेल, पण नुकसान तर नाही ना?" हा युक्तिवाद आपल्या भागात तरी यापुढे कोणी करू नये. २०२५ मध्ये शेजारच्या परासिया भागात खोकल्याच्या दूषित औषधाने वीसहून अधिक बालकांचे प्राण घेतले. ते प्रकरण भेसळीचे होते, हे खरे. परंतु लहान मुलांच्या साध्या खोकल्यात अशा औषधाचा उपयोग मुळातच नगण्य असतो. अनावश्यक थेंबाचीही किंमत मोजावी लागते.

औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टात अकाली वार्धक्य, मुलांची उंची आणि स्मरणशक्ती ही तिन्ही एकाच यादीत आहेत. औषधाने ती बरी होतात वा वाढतात, असा दावा करण्यास मनाई आहे. म्हणून हा माल बहुधा 'आहारपूरक' या नावाने येतो. आजोबांची पावडर आणि नातवाचे उंची वाढवणारे पेय ही एकाच बाजाराची दोन दुकाने आहेत.

मित्रहो, दोष केवळ विक्रेत्यांचा नाही. पालकांचा आग्रह मोडवेना म्हणून भुकेची आणि बुद्धीची टॉनिके मीही एकेकाळी लिहिली आहेत. चिठ्ठीवर आपली सही आली, की जाहिरातीस शास्त्राची प्रतिष्ठा लाभते. रुग्णाला 'याची गरज नाही' असे सांगण्यास पाच मिनिटे अधिक लागतात आणि कधी रुग्ण दुसरीकडेही जातो. तो तोटा आपण सोसला पाहिजे.

तंबाखू सोडणे, रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे, रोज चालणे, पुरेशी झोप आणि ताटात डाळ, भाजी व आपले संत्रे, हे सल्ले जुने आहेत. पण पुराव्यावर टिकलेले आहेत. वय थांबत नाही. ते सन्मानाने वाढावे, एवढे मात्र आपण निश्चित करू शकतो.