दसऱ्याच्या गोळ्या संक्रांतीला संपतात

मा. प्रकल्प संचालक,
महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, मुंबई
यांस,

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं समुपदेशक म्हणून काम केलं. आधी तपासणी केंद्रात, मग लिंक एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या देणाऱ्या केंद्रात. ऊसतोडीला जाणारे एचआयव्हीबाधित बायका-पुरुष औषधोपचारातून दर वर्षी का सुटतात आणि ते सुटू नयेत म्हणून काय करता येईल, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. ते खुलं ठेवलं आहे, कारण यातल्या सगळ्या गोष्टी एकट्या आपल्या हातात नाहीत. साखर आयुक्तांनी, कारखान्यांच्या संचालकांनी आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळानंही ते वाचावं अशी इच्छा आहे.

एका चैत्रातली गोष्ट. तिशीतली एक बाई केंद्रात आली. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे ‘एलएफयू’ लिहिलेलं होतं, म्हणजे लॉस्ट टु फॉलोअप. तीन महिने गोळ्या नाहीत, वजन उतरलेलं, खोकला. मी तिला रागावले. इतके दिवस कुठे होतात, जिवाची काही काळजी आहे की नाही, असं बरंच बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ताई, मी गोळ्यांसाठी आले असते तर कोयता बंद पडला असता.”

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली जाते ती त्या जोडीच्या नावावर आणि हंगामभर ती फेडायची असते अंगमेहनतीनं. दोघांपैकी एक जण कामावर आला नाही की खाडा धरला जातो. एका खाड्याला पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त कापले जातात. सांगली-कोल्हापूरच्या फडातून बीडला येऊन परत जायचं म्हणजे किमान दोन दिवस, दोन खाडे आणि वर प्रवासखर्च. तिनं हिशेब केला होता. माझ्या रागावण्यात तो हिशेब कुठेच नव्हता. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

आमच्या भागात दसरा झाला की टोळ्या निघू लागतात. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव अशा जिल्ह्यांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला आपण एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या देतो. दसऱ्याला दिलेल्या गोळ्या संक्रांतीला संपतात. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं घरी येतात ती पाडव्याच्या आगेमागे. मधले अडीच-तीन महिने कोरडे जातात. दर वर्षी, त्याच महिन्यांत, त्याच गावांतली माणसं आमच्या रजिस्टरमध्ये ‘हरवतात’. कॅलेंडर बघून आधीच सांगता येईल अशी ही गोष्ट आहे.

या राज्यानं आणि देशानं या आजारात मोठं काम केलं आहे, हे मी कृतज्ञतेनं नोंदवते. १९८६ मध्ये चेन्नईत देशातली पहिली लागण उघड झाली, तेव्हा हातात औषध नव्हतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एआरटी मोफत मिळू लागली. २०१७ पासून रक्तातल्या सीडी-फोर पेशी किती आहेत हे पाहत न थांबता, निदान झालं की उपचार सुरू करायचं धोरण आलं. मूठभर गोळ्यांच्या जागी आता डोल्युटेग्राविर असलेली दिवसाला एक गोळी आली. ती नियमित घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि अशा माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे ज्या मोठ्या अभ्यासानं २०११ मध्ये जगासमोर ठसठशीतपणे आणलं, त्यात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा सहभाग होता. म्हणजे हे ज्ञान आपल्या मातीतूनही आलेलं आहे. देशात आज २५ लाखांहून जास्त माणसं एचआयव्हीसह जगताहेत, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे. औषध आहे, मोफत आहे, गुणकारी आहे. फक्त ते एका खिडकीत बसलेलं आहे, आणि माझी माणसं वर्षातले पाच-सहा महिने त्या खिडकीपासून तीनशे-चारशे किलोमीटरवर असतात.

गोळ्या तुटल्या की काय होतं, हे आपल्याला मी सांगायला नको. विषाणू पुन्हा वाढतो. घेतल्या-सोडल्यासारखं झालं की तो औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका असतो. क्षयरोग डोकं वर काढतो, आणि कोपीत, म्हणजे तळावरच्या खोपटात, सात-आठ माणसं दाटीनं झोपत असतील तर तो एकट्यापुरता राहत नाही. सर्वांत जास्त जीव तुटतो तो गरोदर बाईसाठी. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. उपचार नीट चालू राहिले तर तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. पण बाई पोटुशी असली तरी फडात जाते. बाळाला जन्मल्यापासून औषध पाजायचं असतं, सहाव्या आठवड्यात पहिली तपासणी असते, पुढच्या तपासण्या अठराव्या महिन्यापर्यंत चालतात. पौषात कोपीत जन्मलेल्या बाळाचा सहावा आठवडा माघ-फाल्गुनात येतो. तेव्हा त्या आईची फाइल बीडमध्ये असते आणि आई असते कारखान्याच्या तळावर.

दुसऱ्या केंद्रातून गोळ्या घेता येतात, तशी सोय आहे, असं मला उत्तर मिळेल. सोय आहे, मान्य. पण अनोळखी तालुक्यात ते रुग्णालय कुठे, तिथं कोणाला विचारायचं, आणि विचारताना सोबतच्या माणसाला काय सांगायचं? पहाटे चारला उठून फडात जाणारी आणि गाडी भरून झाल्यावर रात्री चूल पेटवणारी बाई सकाळी दहा ते दुपारी दोनच्या ओपीडीला कधी पोचणार?

शिवाय लपवणं आहेच. एसटी प्रवासाची सवलत आहे, पण कंडक्टरपुढे कार्ड काढायचं तर शेजारच्या सीटवर गावातलाच कोणी बसलेला असतो. गोळ्यांची डबी वाजते. एका खोपटात चार घरची माणसं ये-जा करत असताना डबी वाजणं म्हणजे प्रश्न ओढवून घेणं. म्हणून बायका गोळ्या काढून प्लॅस्टिकच्या कागदात बांधतात, पिठाच्या डब्यात खुपसतात आणि डबी उकिरड्यावर फेकतात. ओल लागू नये म्हणून डबीत ठेवलेली पुडीही तिच्याबरोबर जाते. नियमितपणावर आम्ही तासभर समुपदेशन करायचो, पण डबी वाजते का, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मला एका बाईनं शिकवलं.

आता मागणं मांडते.

पहिलं, हंगामाच्या आधी सहा महिन्यांच्या गोळ्या द्या. स्थिर रुग्णांना तीन ते सहा महिन्यांची औषधं एकदम द्यावीत, अशी जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस आहे. २०२० च्या टाळेबंदीत आपण जास्तीच्या गोळ्या हातात दिल्या, आणि ते जमलं. भाद्रपद-आश्विनात ऊसतोडीच्या तालुक्यांत व्हायरल लोडची तपासणी आधी उरकावी आणि ज्यांचा विषाणू आटोक्यात आहे त्यांना पाडव्यापर्यंत पुरेल इतका साठा द्यावा. त्या महिन्यांसाठी या जिल्ह्यांचा पुरवठा वाढवून ठेवावा. शक्य तिथे न वाजणाऱ्या, नाव नसलेल्या पाकिटात गोळ्या द्याव्यात.

दुसरं, कारखाना परिसरात बाजाराच्या दिवशी दवाखाना चालवा. टोळीला खर्ची, म्हणजे खर्चाचे पैसे, मिळते ती बहुधा बाजाराच्या दिवशी, आणि त्या दिवशी बाई मीठ-मिरची आणायला बाहेर पडते. तिला तळावरून हलायची मुभा असते ती तेवढीच. त्या दिवशी, त्या बाजाराजवळ, संध्याकाळी उशिरापर्यंत आरोग्य पथक बसावं. पण ते एचआयव्हीचं पथक नसावं. ताप, खोकला, रक्तदाब, साखर, गरोदरपण, लहान मुलांचं लसीकरण असं सगळं तिथं असावं, म्हणजे तंबूत शिरणारी कोणतीही बाई फक्त तपासून घ्यायला आलेली बाई दिसेल.

तिसरं, गरोदर आई आणि बाळ यांची जबाबदारी दोन समुपदेशकांवर नावानिशी सोपवा, एक गावाकडची आणि एक कारखान्याकडची. टोळी निघायच्या आधी एकीनं दुसरीला फोन करावा आणि बाईचं त्या फोनवर बोलणं करून द्यावं. आपल्याकडे ‘सोच’ ही संगणक प्रणाली आहे; तिच्यात फाइल पुढे सरकते, पण अनोळखी गावात बाईचा पाय पुढे पडायला ओळखीचा आवाज लागतो. कर्नाटकात जाणाऱ्यांसाठी तिथल्या राज्य संस्थेशी असाच करार व्हावा.

चौथं, आरोग्यासाठीचा दिवस खाडा धरला जाणार नाही, असा नियम व्हावा. तो आपण करू शकत नाही, पण साखर आयुक्त आणि महामंडळासमोर तो मांडू शकता. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पेटला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. खाड्याच्या धास्तीनं बाई अंगावर काय काय काढते, हे तेव्हा साऱ्या राज्यानं ऐकलं. ती धास्ती अजून तशीच आहे.

पाचवं, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करायची नाही, उपचारात आणि नोकरीत भेदभाव करायचा नाही, आणि तक्रार ऐकायला राज्यानं लोकपाल नेमायचा, असं तो सांगतो. मी ज्यांच्याशी बोलले त्यांपैकी जवळपास कोणालाही हे माहीत नव्हतं. प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर, साध्या मराठीत, तक्रार कोणाकडे करायची हे मोठ्या अक्षरात लिहा.

एक सावधगिरीही सांगते. कारखान्याला कोणती टोळी आज कोणत्या गावच्या कोणत्या फडात आहे, हे रोज माहीत असतं. ऊस तोडणारा हात कुठे आहे हे सापडतं, मग गोळी घेणारा हात का सापडत नाही, असं कोणालाही वाटेल आणि मुकादमाच्या याद्या मागवायचा मोह होईल. टोळ्या कुठे उतरल्या, एवढंच विचारा. नावं जुळवायला त्या याद्या कधीही वापरू नका. मुकादमाला कळलं की पुढच्या हंगामाची उचल बंद होते, आणि मग ती बाई आपल्याकडेही कधी येत नाही.

हे सारं करायला माणसं लागतात. सांगलीत १९९२ मध्ये संग्राम संस्थेनं काम सुरू केलं, आणि तिथं वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच आपल्या वस्त्यांत प्रतिबंधाचं काम उभं केलं. साखरपट्ट्यातलाच हा धडा आहे. टोळीत वाढलेल्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या बायका-पुरुषांना साथी म्हणून नेमा, त्यांना मानधन द्या आणि ते वेळेवर द्या. कोपीत कधी जावं, कधी जाऊ नये, कोणासमोर काय बोलू नये, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

ती चैत्रातली बाई पुढे क्षयरोगाचे उपचार घेऊन बरी झाली. एआरटी पुन्हा सुरू केली. पुढच्या दसऱ्याला टोळी निघायच्या आधी ती आली, तेव्हा नियमाप्रमाणे मी तिला तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. तिनं बोटांवर महिने मोजले आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते आपण द्यावं, आणि येत्या दसऱ्याच्या आधी द्यावं, एवढीच विनंती.

आपली,
एक माजी समुपदेशक
बीड जिल्हा