गोणीला काटा, मग बियाण्याला का नाही?



अलिबागजवळ थळला सरकारी खत कारखाना आहे. तिथल्या युरियाच्या गोणीत 46 टक्के नत्र भरलेच पाहिजे. कमी भरले तर कायद्याने गुन्हा. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला असा काटा कोणी लावायचा?

'बिकानेरी नरमा' आठवा. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी दिल्लीच्या सरकारी संस्थेसह केलेले बीटी कापसाचे सरळ वाण. 2008 साली मंजुरी, 2009 साली विक्री. संकरित नव्हे, घरची सरकी राखून पुढच्या मिरगाला पेरता आली असती. दरसाल पाकीट घेण्यातून कोरडवाहूवाला सुटला असता. पण त्यात मोन्सॅन्टोच्या वाणातला जनुक निघाला. विक्री थांबली. 2012 साली सोपोरी समितीच्या अहवालानेही तेच सांगितले.

फायदा कंपन्यांचा झाला, नुकसान आमचे.

आम्ही प्रयोगशाळेचे वैरी नाही. तिथे रोपे वाढवणारी, बोंडअळ्या मोजणारी पोरे बहुतेक आमच्याच घरची. दोन-तीन वर्षांच्या पगारावर राबणारी. एक गेला की वही दुसऱ्याच्या हाती. अशाने बियाण्याची जबाबदारी कोणाची?

म्हणून आमच्या मागण्या तीन. वाण बाहेर पडण्याआधी त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासणी. कामाच्या वह्या शेतकऱ्यांना खुल्या. राबणाऱ्या पोरांना कायम नेमणूक.

पेरणी एकदाच होते; चुकीला दुरुस्ती नसते. प्रयोगशाळेने हे शिवारात येऊन शिकावे.